केवढा होता?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कथेचे परीक्षण लिहिले होते. कथा एका दिवाळी अंकातच आली होती. लेखक तेव्हा नवा होता, आणि नव्या लेखकाविषयी लिहिताना परीक्षकाच्या अंगी जो एक फुकटचा वडीलधारेपणा संचारतो, तो माझ्याही अंगी संचारला होता. कथा साधी होती. एक बाई, नवरा परगावी, सासू अंथरुणाला खिळलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून शेवग्याचे झाड. फाल्गुनापासून एक निळा पक्षी रोज सकाळी येतो आणि खिडकीच्या तावदानावर चोच मारतो. बाईला वाटते, तो आपल्याला काही सांगायला येतो आहे. पावसाळा सरता सरता तो यायचा थांबतो. मी तिची मनापासून स्तुती केली. निळा रंग, आकाश, अनंताची ओढ, देहाच्या तावदानावर बाहेरून होणारी टकटक, असे पुष्कळ काही लिहिले. आज ते कात्रण काढून वाचले की कानकोंडे व्हायला होते.

परीक्षण छापून आल्यावर आठ-दहा दिवसांनी एक पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच : ‘आपले परीक्षण वाचले. पक्षी केवढा होता?’ खाली सही होती, पण ती लागली नाही, पत्ता नव्हता. कुणीतरी थट्टा केली असे समजून मी ते एका पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवले. प्रतीकाला लांबीरुंदी विचारणारा माणूस अरसिकच असला पाहिजे, अशी माझी त्या वेळी खात्री होती.

त्या अरसिक प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच पुस्तकाने दिले, आणि हा लेख खरे तर त्या पुस्तकाविषयी आहे. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ 1941 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. त्याला शास्त्रीय पुस्तक म्हणतात, आणि ते आहेच. पण वाङ्मय म्हणून त्याच्याकडे आपल्याकडे कुणी पाहिलेले नाही. मला ते गद्याचे एक उत्तम पुस्तक वाटते. त्याची सारी करामत प्रत्येक टिपणाच्या पहिल्या ओळीत आहे. ही ओळ पक्ष्याचा आकार सांगते, आणि तो इंचांत सांगत नाही. पक्षी चिमणीएवढा असतो, किंवा बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, गिधाडाएवढा असतो. नाहीतर गावठी कोंबडीएवढा किंवा बदकाएवढा असतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये पडणारा असेल तर ह्याहून थोडा मोठा, त्याहून थोडा लहान, असे म्हणून लेखक पुढे जातो. कोंबडीला मुद्दाम ‘गावठी’ म्हटले आहे, ह्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नेमकेपणा म्हणजे काय हे त्या एका विशेषणावरून कळते.

ह्या युक्तीचे महत्त्व कळायला तिच्या आधीची पुस्तके पाहावी लागतात. ह्यू व्हिसलर ह्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे लोकप्रिय पुस्तक 1928 साली आले. पुस्तक चांगले आहे, पण त्यातले वर्णन इंचांपासून सुरू होते. इंच मोजायचे तर पक्षी हातात हवा, आणि हातात हवा तर तो मेलेला हवा. त्या काळचे सारे पक्षिशास्त्र बंदुकीच्या टप्प्यातले होते : आधी पाडायचा, मग चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावायची. सालिम अलींनी स्वतः आयुष्यभर नमुने गोळा केले. त्यांच्या ह्या वेडाची सुरुवातच छऱ्याच्या बंदुकीने झाली. लहानपणी त्यांनी एक चिमणी पाडली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे हे त्यांच्या लक्षात आले. ती घेऊन ते सोसायटीत गेले. तिथे मिलर्ड नावाच्या गृहस्थांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगून कपाटातले नमुने उघडून दाखवले. 1985 साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातही एक पडलेली चिमणी आहे. ‘आहे तर चिमणीएवढीच, चिमणीसारखीच, पण गळा पिवळा’ हे वाक्य त्या मुलाच्या मनात जसे उमटले असेल, तशाच घडणीची वाक्ये त्याच्या पुस्तकात पानोपानी आहेत. आधी ओळखीचे, मग त्याहून वेगळे. फांदीवर बसलेला, क्षणात उडून जाणारा पक्षी पाहणाऱ्याला दुसरे कोणते मोजमाप उपयोगाचे नाही.

एक उदाहरण घेतो. कोतवाल सर्वांनी पाहिलेला असतो : तारेवर बसणारा, काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा. पट्टी लावली तर तो सुमारे 31 सेंटिमीटर भरतो. कबूतर 33 भरते. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने कोतवाल आणि कबूतर जवळजवळ सारखे! उलट बुलबुल भरतो 20. पण कोतवाल पाहून कबुतराची आठवण झालेला माणूस मला भेटलेला नाही. डोळ्यांना तो बुलबुलाएवढाच दिसतो. उरलेली सगळी शेपटी असते. सालिम अली त्याला बुलबुलाच्या मापाचा म्हणतात आणि शेपटी लांब असल्याचे वेगळे सांगतात. स्वर्गीय नर्तकाचेही तसेच. त्या नराच्या शेपटीच्या पांढऱ्या फिती मापात धरल्या तर वाचक चुकणार, म्हणून त्या बाजूला काढून अंग तेवढे बुलबुलाशी ताडायचे. इथे सेंटिमीटर खरे आहेत आणि तरी फसवे आहेत. ‘बुलबुलाएवढा’ हे ढोबळ आहे आणि तरी अचूक आहे. उपमेविषयी आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो, पण उपमा जेव्हा खरोखर कामाला लावतात तेव्हा ती कशी दिसते हे पाहायचे असेल तर ह्या पुस्तकातली कोणतीही पहिली ओळ काढावी.

1998 साली ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे जाडजूड पुस्तक आले. त्यात आणि त्यानंतरच्या क्षेत्र-पुस्तकांत सेंटिमीटर पुन्हा आले. चित्रे इतकी सुरेख की शब्दांची गरजच उरू नये. ती पुस्तके मी वापरतो. वाचत नाही.

सालिम अलींच्या मापात एक मौज आहे. इंग्रजीत लिहिलेल्या ह्या पुस्तकाच्या शिडीतल्या दोन पायऱ्या, बुलबुल आणि मैना, इकडूनच इंग्रजीत गेलेल्या आहेत. पण मराठीत आणताना मैनेपाशी पाय अडखळतो. त्यांची मैना म्हणजे आपली साळुंकी : गडद तपकिरी, डोळ्याभोवती पिवळी कातडी, उडताना पंखात पांढरा पट्टा चमकणारी. आपण मराठीत मैना म्हटले की पिंजऱ्यातली बोलणारी डोंगरी मैना तरी डोळ्यांपुढे येते, नाहीतर लावणीतली. तेव्हा मराठीत लिहिणाऱ्याने ‘साळुंकीएवढा’ म्हणावे हे उत्तम. मी पाहिलेल्या दोन-तीन मराठी पुस्तिकांत सरळ ‘मैनेएवढा’ म्हटलेले आहे, आणि वाचक कोणत्या मैनेशी ताडून पाहणार ह्याचा विचार केलेला दिसत नाही. पट्टीच चुकीची छापली तर कापड काय मोजणार?

अर्थात ह्या शिडीने सगळे भागते असे नाही. पावशा आणि शिक्रा घ्या. दोघेही साधारण कबुतराच्या मापाचे, दोघेही वरून राखी, पोटावर आडव्या तपकिरी रेघा, शेपटीवर पट्टे. पावशा उडत येऊन झाडात शिरला की लहान पाखरे शिकरा आला समजून ओरडा करतात. आकार एक, रूप एक. मग ओळखायचे कसे? चोचीवरून. शिकऱ्याची आकडी, पावशाची जवळपास सरळ. पण तेवढ्यात चोच दिसतेच असे नाही. पावशाला खरी ओळख त्याच्या हाकेने दिली आहे. त्याची हाक आपल्या शेतकऱ्याने ‘पेरते व्हा’ अशी ऐकली आणि तीवरून पेरणीचे वेध लावले. इंग्रजांनी त्याच हाकेत डोके उठवणारा ताप ऐकला. बगळ्यांची गत आणखी वेगळी. आपल्या कवितेत बगळा एकच असतो, पांढरा. तो माळेत उडतो किंवा एका पायावर उभा राहून ढोंग करतो. तळ्याकाठी मात्र निदान चार असतात. गायबगळा ठेंगणा, आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा, विणीच्या दिवसांत डोक्या-मानेवर केशरी झाक आलेला. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी. चिखलातून पाय उचलला की पिवळे मोजे घातल्यासारखी दिसतात. मोठा बगळा उंच, त्याच्या मानेला एक विचित्र बाक. आणि मधला, ज्याच्यापाशी येऊन भलेभले गप्प होतात, कारण त्याला मधला म्हणायला शेजारी मोठा किंवा छोटा उभा असावा लागतो. एकट्या बगळ्याला माप नसते.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळतो. मला छिद्रान्वेषण करायचे नाही. कोकिळा गाते असे शंभर कवींनी लिहिले आहे. गातो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज गोड म्हणता येणार नाही. पण भाषेत कोकिळा रुळली आहे, तिला आता बाहेर काढण्यात अर्थ नाही. बहिणाबाई चौधरींच्या सुगरणीच्या खोप्याविषयीही हीच शंका काही पक्षिमित्र काढतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. खोपा विणतो तो नर. अर्धवट विणून झाला की तो माद्यांना बोलावतो. एखादीने येऊन, आत-बाहेर पाहून पसंत केला तर पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरा खोपा विणायला घेतो. सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला हे सारे दिवसच्या दिवस बसून टिपले. तरी मी म्हणेन की बहिणाबाईंनी चुकीचे पाहिलेले नाही. लिंगाची चूक ‘सुगरण’ ह्या नावातूनच आलेली आहे, आणि ते नाव त्यांच्या आधीचे आहे. त्यांनी पाहिले ते चोचीचे काम आणि झाडाला टांगलेला झोका, आणि ते दोन्ही जसेच्या तसे पाहिले. 1952 साली त्यांची गाणी छापून आली तेव्हा नागर मराठी कवितेत ‘पाखरू’ ह्या शब्दापलीकडे किती पक्षी होते, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

मला खरा आक्षेप आहे तो ‘एक सुंदर पक्षी’ ह्या शब्दांना. ‘कसलासा पक्षी ओरडला’, ‘एक अनोळखी पाखरू फांदीवर येऊन बसले’, अशी वाक्ये मी आमच्या पिढीच्या कथांत इतक्या वेळा वाचली आहेत की वाटावे, पक्ष्याने अनोळखी असणे ही एक वाङ्मयीन अटच आहे. झाडाचे नाव लेखक देतो, रस्त्याचे देतो, चहाच्या दुकानाचे देतो. पक्षी आला की तो एकदम अमूर्तात शिरतो. नाव माहीत नसेल तर नसू द्या. पण तो केवढा होता, एवढे तर कुणालाही सांगता येते. मारुती चितमपल्ली 2025 साली गेले. त्यांनी मराठीला पक्ष्यांची नावे दिली. रानातल्या लोकांच्या तोंडची गोळा केली, जिथे नव्हती तिथे घडवली. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला त्यांनी दिलेला ‘सारंगागार’ हा शब्द किती भारदस्त आणि किती सोयीचा आहे! त्यांचे ऋण मोठेच आहे. तरीही कधीकधी मला वाटते की त्यांच्या लेखनात नावाच्या नादाने पक्षी धुक्यात जातो. नावाचा मोह होतो खरा. मापाचा होत नाही, म्हणून ते राहून जाते.

माप राहून गेल्याने काय होते ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या आदिकाव्याचे आहे. व्याधाने जोडीतला एक क्रौंच मारला, मादी आक्रंदू लागली, आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला. हा क्रौंच कोण? भाषांतरकारांनी त्याला कधी बगळा केले, कधी करकोचा, कधी पाणलावा, कधी कोरल म्हणजे वाकड्या चोचीचा तो चिखलातला पक्षी. कोरल गावठी कोंबडीएवढा असतो. ज्यूलिया लेस्ली ह्या विदुषींनी 1998 साली एका दीर्घ निबंधात हा प्रश्न तपासला आणि तो सारस असल्याचा निर्णय दिला. रामायणात त्या पक्ष्याचे डोके तांबडे असल्याचा उल्लेख आहे, जोडीच्या निष्ठेचा आहे, आणि तिच्या आक्रोशाचा आहे. हे तिन्ही सारसाला लागू पडते. सारस उभा राहिला तर माणसाच्या उंचीला लागतो. आता तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. पाणलावा मेला आणि ऋषी कळवळला, हे एक. माणसाएवढा, राखी अंगाचा, तांबड्या डोक्याचा देह नदीकाठी कोसळला आणि तेवढीच उंच जोडीदारीण त्याच्याभोवती पंख पसरून ओरडत राहिली, हे अगदी वेगळे. शोकाचे माप पक्ष्याच्या मापाने बदलते. (महाराष्ट्रात आज सारस पाहायचा तर गोंदियाकडे जावे लागते, आणि तिथेही ते मोजकेच आहेत.)

आणि शिडीच्या शेवटच्या पायरीचे काय झाले ते सांगायला हवे. सालिम अलींनी 1941 साली ‘गिधाडाएवढा’ असे लिहिले तेव्हा ते कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. गावाबाहेर ढोर टाकले की गिधाडे उतरत. मी लहानपणी त्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. ती माना आत ओढून चिंचेवर बसत, आणि आम्हाला ती म्हातारी माणसे वाटत. 1992 ते 2007 ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारातून एकही धड उरली नाहीत. कारण पुष्कळ दिवस कळेना. 2004 साली ते सिद्ध झाले : गुराढोरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले ढोर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 साली गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पण तोवर माप गेलेच होते. माझ्या नातीला मी हे पुस्तक दिले. माळढोकाचे पान काढून तिने विचारले, ‘आजोबा, गिधाडाएवढा म्हणजे केवढा?’ मी हात पसरून दाखवू लागलो, आणि ते पंखांचे माप झाले, अंगाचे नव्हे, हे लक्षात येऊन हात खाली घेतले. शेवटी तिला सेंटिमीटर सांगितले. चिमणीची पायरी अजून आहे; शहरात ती पूर्वीइतकी सहज सापडत नाही इतकेच.

तर तो निळा पक्षी. सालिम अलींचे पुस्तक पुरते अंगवळणी पडल्यावर एके दिवशी ते पोस्टकार्ड सापडले, आणि मी पहिल्यांदाच प्रश्नाचा अर्थ लावू लागलो. निळा आणि कबुतराएवढा असेल तर तो नीलपंख. तो माळावर, तारेवर बसतो, आणि त्याचे निळेपण उडाल्यावर दिसते. त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीशी काय काम? निळा आणि साळुंकीहून थोडा मोठा, तर खंड्या. निळा आणि साळुंकी-कबुतराच्या मधला, पण घाटातल्या ओढ्याकाठी शीळ घालणारा, तर कस्तूर. कथेत ओढा नाही, घाटही नाही. मी जुना दिवाळी अंक शोधून काढला. लेखकाने पक्ष्याचे नाव दिलेले नाही, आकारही सांगितलेला नाही. पण तो शेवग्याच्या फुलांच्या घोसावर बसतो आणि घोस हलत नाही, असे एक वाक्य आहे. शेवग्याच्या घोसावर चिमणी बसली तरी तो झुलतो. म्हणजे चिमणीहून लहान. चिमणीहून लहान, निळा-काळा, फुलांवर येणारा, तावदानावर चोच मारणारा : शिंजीर. विणीच्या दिवसांत शिंजिराच्या नराला आरशात किंवा काचेत स्वतःची सावली दिसली की तो दुसरा नर समजून तिच्यावर तुटून पडतो. रोज सकाळी तो त्या बाईला काही सांगायला येत नव्हता. तो स्वतःशी भांडत होता. ती आतून पाहत होती, आणि त्याला ती दिसतही नव्हती.

हे लेखकाला ठाऊक होते का, असा प्रश्न मला पडला. मी कथेचा शेवट पुन्हा वाचला. निळा पक्षी आला नाही, असे म्हटल्यावर आणखी एक वाक्य आहे : शेवग्यावर एक मळकट पाखरू, छातीवर शाईचा ओघळ आल्यासारखे, एकटेच फुले टोचत होते. विणीचा हंगाम सरला की शिंजिराचा नर आपला निळा पोशाख टाकतो. तो मादीसारखा मळकट तपकिरी-पिवळा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. निळा पक्षी कुठेही गेलेला नव्हता. तो तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिने त्याला ओळखले नाही.

माझ्या परीक्षणात ह्या वाक्याविषयी एक परिच्छेद आहे. कथा ‘आला नाही’ येथेच संपायला हवी होती, पुढच्या वाक्यातले दुसरे पाखरू सर्वस्वी अनावश्यक असून त्याने प्रतीकाची एकात्मता भंगते, असे मी लिहिले होते. लेखकाला अशा तपशिलाचा मोह आवरता आला पाहिजे, असा सल्लाही दिला होता.

दोन वर्षांनी त्या लेखकाचा कथासंग्रह निघाला. तो माझ्याकडे आहे. आत ‘आदरपूर्वक’ असे लिहून त्याने तो मला पाठवला होता. कथा त्यात तिसरी आहे. शेवटचे वाक्य त्यात नाही.